जुन्या डर्ट बाइकची इंधनव्यवस्था: भाग कुठे मिळतात, काय दुरुस्त होते

डर्ट बाइक म्हणजे माती, चिखल, चढउतार आणि उड्या यांच्यासाठी बांधलेली हलकी मोटारसायकल. तिच्यातली ‘जुनी’ कोणती यावर शौकिनांचे एकमत नाही. अमेरिकेतली ‘आहर्मा’ ही ऐतिहासिक शर्यतींची संघटना मोटोक्रॉसच्या व्हिंटेज गटाची रेघ साधारणपणे १९७४च्या मॉडेलांपाशी ओढते. ब्रिटनमध्ये मागच्या चाकाला दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेल्या गाड्यांचा वेगळा ‘ट्विनशॉक’ गट धरतात, आणि त्यात १९८०च्या आसपासच्या गाड्याही बसतात. जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे जगज्जेतेपद मिळवून दिलेली बीएसए, ज्योएल रोबेरची सीझेड, ‘ऑन एनी संडे’ या १९७१च्या माहितीपटात स्टीव्ह मॅक्वीनने पळवलेली हुस्कवार्ना, बुल्टाको पर्सांग, मायको, १९६८ची यामाहा डीटी-१ आणि १९७३ची होंडा एल्सिनोर ही या काळातली ठळक नावे.

या गाड्यांची इंधनव्यवस्था अगदी साधी असते. पंप नाही, सेन्सर नाही. पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने खाली येते, कॉकमधून आणि रबरी नळीतून कार्ब्युरेटरच्या वाटीत उतरते, तिथे हवेत मिसळते आणि इंजिनात जाते. बहुतेक गाड्या टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये तेल मिसळलेले असते. डीटी-१सारख्या काही गाड्यांत तेलाचा वेगळा पंप असतो. भाग मोजके असूनही काम अवघड होते ते दोन कारणांनी. एक म्हणजे, या गाड्या शर्यतीसाठी विकत घेतल्या, वर्ष-दोन वर्षे दामटल्या आणि पेट्रोल तसेच ठेवून गोठ्यात किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात टाकून दिल्या. चाळीस-पन्नास वर्षांत ते पेट्रोल सुकून त्याचा वार्निशसारखा चिकट थर झाला. दुसरे म्हणजे, गाडी बनवणारा कारखानाच आज उरलेला नसतो. बुल्टाको आणि मूळची मायको या दोन्ही कंपन्या १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बुडाल्या.

भाग शोधताना नवखा माणूस गाडीचे नाव घेऊन निघतो आणि तिथेच त्याची फसगत होते. ‘मायकोचा कार्ब्युरेटर’ असा भाग फारसा कोणाकडे नसतो, आणि असला तर त्याची किंमत नावामुळे फुगलेली असते. मॅक्वीनच्या गाडीशी नाते सांगणाऱ्या हुस्कवार्नांच्या भागांची गत तर विचारायलाच नको. वास्तविक यांतल्या कुठल्याच कारखान्याने कार्ब्युरेटर स्वतः बनवला नाही. मायको आणि सुरुवातीच्या हुस्कवार्ना यांच्यावर जर्मनीतल्या न्युरेम्बर्गच्या बिंग कंपनीचा कार्ब्युरेटर असे, ब्रिटिश गाड्यांवर आणि बुल्टाकोवर अमालचा, सीझेडवर चेकोस्लोव्हाकियातल्या जिकोवचा, इटालियन गाड्यांवर डेलॉर्टोचा. जपानी गाड्यांत यामाहा-सुझुकीवर मिकुनी आणि होंडावर केहिन ही ठरलेली जोडी. यांतल्या बहुतेक कंपन्या किंवा त्यांचे वारस अजून माल बनवतात. अमालचे कार्ब्युरेटर आज इंग्लंडमधल्या सॉल्झबरीची बर्लन कंपनी बनवते. मायकोवर असलेल्या ३६ मिलिमीटरच्या बिंग ५४चाच एक भाऊबंद रोटॅक्सच्या टू-स्ट्रोक इंजिनांवर बसून हलक्या विमानांत उडतो, त्यामुळे बिंगची पॅकिंगे, वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारे फ्लोट आणि सुया विमानांचे सामान विकणाऱ्यांकडे सहज मिळतात. मिकुनी व्हीएम मालिकेतले ३४, ३६ आणि ३८ मिलिमीटरचे कार्ब्युरेटर बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलांवर वर्षानुवर्षे बसत आले; अमेरिका-कॅनडात त्यांचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे, आजही चालू माल आहे. तेव्हा शोध गाडीच्या नावाने करण्यापेक्षा कार्ब्युरेटरच्या अंगावर कोरलेल्या नावाने आणि क्रमांकाने केलेला बरा. निम्मे काम तिथेच होते.

गाडीनेच ओळखावे लागणारे भाग म्हणजे टाकी, कॉक, कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारी रबरी मान आणि एअर फिल्टरचा डबा. इथे कारखान्याचा भाग-क्रमांक कामाला येतो. होंडाच्या क्रमांकातले पहिले पाच आकडे भागाचा प्रकार सांगतात: १६१०० म्हणजे पूर्ण कार्ब्युरेटर, १६९५० म्हणजे पेट्रोल कॉक, १७५०० म्हणजे टाकी. मधले तीन आकडे, तो भाग पहिल्यांदा कुठल्या मॉडेलसाठी काढला ते सांगतात. यामाहाच्या क्रमांकात हीच माहिती पहिल्या तीन अक्षरांत असते. आरएक्स १००च्या इंजिन क्रमांकाच्या सुरुवातीचे ‘१एल१’ महाराष्ट्रातल्या आरएक्सवेड्यांना तोंडपाठ असते. ते या पद्धतीतलेच. एकच कॉक चार मॉडेलांवर बसवलेला असेल, तर क्रमांकावरून ते उमगते आणि शर्यतीच्या दुर्मीळ गाडीचा भाग एखाद्या सामान्य रस्त्यावरच्या गाडीच्या यादीत सापडतो. जुन्या क्रमांकाच्या जागी कंपनीने पुढे नवा क्रमांक दिलेला असू शकतो, म्हणून दोन्ही क्रमांक टिपून ठेवतात.

मिळणारा माल चार जातींचा असतो. कारखान्यात त्या काळीच बनून गोदामात पडून राहिलेला कोरा माल सर्वांत महाग. पितळी जेट, सुया, थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी स्लाइड यांच्याबाबत तो खरोखर उत्तम. पण चाळीस वर्षे पाकिटात पडलेली रबरी मान किंवा ओ-रिंग ‘कोरी’ असली तरी कडक झालेली असते, आणि तिच्यासाठी चढी किंमत मोजणे म्हणजे निव्वळ भावनेचा व्यवहार. दुसरी जात नव्याने बनवलेल्या नकलेची. चांगल्या कारागिराने आजच्या रबरात काढलेली मान अशा वेळी जुन्या अस्सल मानेपेक्षा सरस ठरते. तिसरी जात वापरलेल्या भागांची. कार्ब्युरेटरची बॉडी, कॉकचे धड, टाकीचे झाकण हे वापरलेलेच घ्यावेत. त्यांचे झिजणारे पृष्ठभाग थोडे असतात. चौथी जात डुप्लिकेट मालाची. मिकुनी आणि केहिनच्या हुबेहूब दिसणाऱ्या नकला बाजारात रग्गड आहेत. बाहेरून ओतकाम छान असते, आत जेटचे भोक छापलेल्या आकड्याशी जुळत नाही. मग ट्यूनिंग करणारा जेट बदलत बसतो आणि गाडी काही केल्या वळणावर येत नाही. खऱ्या मिकुनी जेटवर चौकोनात चौकोन असा बारीक ठसा असतो, तो भिंगाखाली पाहून घेतात.

भारतात अस्सल मोटोक्रॉस गाड्या फार थोड्या आल्या. इथल्या मातीच्या शर्यती यझ्दी, आरएक्स १००, शोगन अशा रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक गाड्यांचे मडगार्ड आणि दिवे उतरवूनच धावल्या गेल्या. जावा-यझ्दीमुळे जिकोव पद्धतीचा कार्ब्युरेटर आपल्या जुन्या मिस्त्रींच्या हातचा आहे, आणि चेन्नईच्या युकाल कंपनीने मिकुनीच्या सहकार्याने बनवलेला ‘मिककार्ब’ बुलेटमुळे गावोगाव पोचला. त्यामुळे व्हीएम मालिकेची रचना समजावून घ्यायला परदेशी गाडी हवी असे नाही. मात्र त्याचा जेट मोठ्या व्हीएममध्ये चालेल असे गृहीत धरू नये, आटे आणि लांबी व्हर्नियरने मोजूनच घ्यावी. पुण्याची नाना पेठ, मुंबईचा चोर बाजार, दिल्लीचे करोल बाग इथल्या दुकानांतून मिळतो तो माल बहुधा देशी गाड्यांचा. परदेशी गाडीच्या मालकाला त्यांचा खरा उपयोग कॉकची रबरे, ओ-रिंगा, नळ्या, पॅकिंगचा कागद असल्या किरकोळ गोष्टींसाठी. एखादा भाग मिळतच नसेल, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी लेथवर तो नमुन्यावरून करून घेणे बाहेरून मागवण्यापेक्षा स्वस्त पडू शकते.

दुरुस्तीची सुरुवात टाकीपासून होते, कारण वर गंज असताना खालचा कार्ब्युरेटर साफ करणे म्हणजे चार दिवसांनी तेच काम पुन्हा करणे. टाकी कशाची आहे यावर उपाय ठरतो. पत्र्याच्या टाकीतला हलका गंज सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लाने निघतो. जाड गंजासाठी धुण्याच्या सोड्याचे पाणी भरून बॅटरी चार्जरने वीज सोडतात. ऋण टोक टाकीला आणि धन टोक आत टांगलेल्या साध्या लोखंडी सळीला लावतात. सळी टाकीला कुठेही टेकता कामा नये. स्टेनलेस स्टीलची सळी वापरू नये, तिच्यातल्या क्रोमियमपासून विषारी संयुगे तयार होतात. या प्रक्रियेत हायड्रोजन सुटतो, म्हणून काम उघड्यावर आणि ठिणगीपासून लांब. हीच युक्ती अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीवर केली तर सोडा धातूच खातो; १९७३च्या एल्सिनोर सीआर २५० एमची टाकी अ‍ॅल्युमिनियमची असल्याने हे आधी तपासावे लागते. चुंबक लावून पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी.

फायबरग्लासच्या टाक्या हे स्पॅनिश गाड्यांचे जुने दुखणे आहे. बुल्टाको, ओसा, मोंटेसा यांच्या टाक्या पॉलिएस्टर रेझिनच्या असत, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून तो रेझिन मऊ पडून पेट्रोलमध्ये उतरतो. पुढे तो कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर होऊन बसतो आणि स्लाइड अडकवतो. वरवर हा कार्ब्युरेटरचा दोष दिसतो. कितीही वेळा साफ करा, परत येतो. यावर इथेनॉलविरहित पेट्रोल किंवा इथेनॉलला टिकणारे इपॉक्सी जातीचे अस्तर, एवढे दोनच इलाज आहेत. प्लॅस्टिकच्या म्हणजे पॉलिएथिलीनच्या टाक्या गंजत नाहीत, पण त्यांच्या भिंतीतून पेट्रोलची वाफ सूक्ष्म प्रमाणात बाहेर येत असते, त्यामुळे त्यांच्यावर रंग टिकत नाही आणि स्टिकरला फोड येतात. तो दोष रंगाऱ्याचा नसतो.

टाकीला आतून अस्तर लावावे का, यावर मतभेद आहेत. नीट लावलेले अस्तर टाकी वाचवते. गंजावर किंवा तेलकट पृष्ठभागावर ओतलेले अस्तर काही वर्षांत सुटते, त्याचे पापुद्रे कॉकमध्ये अडकतात, आणि जुन्या प्रकारची काही अस्तरे इथेनॉलमध्ये विरघळतात. भोक नसलेल्या, साफ झालेल्या पत्र्याच्या टाकीला अस्तर लावूच नये. पेट्रोलने भरलेली ठेवली की ती गंजत नाही. भोक असेल तर डाग देणे किंवा ब्रेझिंग. रिकामी दिसणारी टाकी वाफेने भरलेली असते आणि तिच्यावर ज्योत धरल्याने माणसे दगावलेली आहेत, म्हणून आधी गरम साबणपाण्याने अनेकदा धुऊन, शक्य तितके पाणी भरून किंवा आर्गॉन सोडूनच वेल्डिंग करतात.

झाकणाकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्यात हवा आत येण्यासाठी बारीक भोक असते. ते चिखलाने किंवा रंगाने बुजले की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल उतरायचे थांबते. गाडी सुरू होते, दोन-तीन किलोमीटर नीट पळते, मग दम तोडते. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. अशा वेळी झाकण उघडताच ‘स्स’ असा आवाज आला तर रोग सापडला.

कॉकमध्ये खराब होते ते मुख्यतः चार भोकांचे रबर आणि टाकीला टेकणारे वॉशर. जुन्या ब्रिटिश कॉकमध्ये रबराऐवजी बूच असते. ते सुकले की झिरपते, कोमट पाण्यात भिजवून काही काळ वेळ मारून नेता येते. जपानी गाड्यांचे काही कॉक रिबेट मारून बंद केलेले असतात आणि कंपनीच्या लेखी ते दुरुस्त होत नाहीत. कारागीर रिबेट ड्रिलने काढतात, भोकात ३ मिलिमीटरचे आटे पाडतात, आतला पृष्ठभाग काचेवर ठेवलेल्या बारीक ओल्या पॉलिशपेपरवर घासून सपाट करतात आणि नवे रबर घालून स्क्रूने बंद करतात. कॉक बदलायचाच असेल तर टाकीवरचे आटे आधी मोजावेत. ब्रिटिश टाक्यांवर बहुधा पाव इंची बीएसपी आटे असतात, युरोपातल्या इतर आणि जपानी टाक्यांवर मेट्रिक, किंवा दोन बोल्टची पट्टी. जोर लावून बसवलेला चुकीचा कॉक टाकीचे आटे घेऊन जातो. नळीच्या बाबतीत पारदर्शक पीव्हीसी नळीचा मोह टाळावा. ती वर्षभरात पिवळी आणि कडक होते. बाजारात मिळणारा कागदी फिल्टर मोटारीच्या पंपासाठी केलेला असतो, नुसत्या वजनाने उतरणारे पेट्रोल त्यातून पुरेसे जात नाही. कॉकवरची जाळी शाबूत असेल तर वेगळ्या फिल्टरची गरजच पडत नाही.

कार्ब्युरेटर उघडताना पहिली हानी स्क्रूची होते. जपानी कार्ब्युरेटरचे फुली खाचेचे स्क्रू जेआयएस प्रमाणाचे असतात. नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण तळाला बसत नाही, वर येतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएसचा ड्रायव्हर लावून, वरून हलका ठोका देऊन मग फिरवले तर पन्नास वर्षांचा स्क्रूही सहसा सुटतो. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवून किती फेरे झाले ते लिहून ठेवतात. फ्लोटची पिन हे दुसरे धोक्याचे ठिकाण. पिनचे एक टोक किंचित जाड असते आणि ती त्याच बाजूने बाहेर येते. उलट बाजूने ठोकली की बॉडीला ओतलेले नाजूक खांब तुटतात आणि चांगला कार्ब्युरेटर भंगारात जातो. बाजारात येणाऱ्या कितीतरी बॉड्या याच एका चुकीने बाद झालेल्या असतात.

सफाईत सगळे लक्ष पायलट जेटकडे द्यावे. मेन जेटचे भोक मोठे असते, ते क्वचितच तुंबते. पायलटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहून लहान. जुन्या पेट्रोलचा थर तिथेच बसतो. मग गाडी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही आणि आयडलवर टिकत नाही. अमालच्या कॉन्सेंट्रिक कार्ब्युरेटरात, म्हणजे १९६७पासूनच्या मॉडेलात, पायलटची बुश अनेकदा बॉडीच्या आत दाबून बसवलेली असते आणि बाहेरून दिसतही नाही. तिचे भोक ०.०१६ इंच असते, म्हणून ब्रिटिश मिस्त्री ७८ नंबरचे ड्रिल चिमटीत धरून हाताने त्यातून फिरवतात. मशीनला लावले तर ड्रिल आत मोडते. इतर जेटमध्ये तार घालण्यापेक्षा द्रावणात भिजवून हवा मारणे चांगले. अल्ट्रासॉनिक यंत्रात कोमट साबणपाण्यात बॉडी ठेवली तर आतले वळणाचे मार्गही मोकळे होतात, पण सगळी रबरे आधी काढलेली हवीत. वाळूचा मारा कार्ब्युरेटरवर कधीच करू नये. एक कण अडकून राहिला तरी पुरे. त्याऐवजी खाण्याच्या सोड्याचा मारा करता येतो, कारण राहिलेला सोडा पाण्यात विरघळून जातो. शर्यतीच्या गाड्यांत पूर्वी कॅस्ट्रॉल आरसारखे एरंडेलाचे तेल वापरत. त्याचा सुकलेला थर लाखेसारखा टणक होतो आणि नुसत्या पेट्रोलने निघत नाही.

साफ करून जे सुधारत नाही ते झिजलेले असते. स्लाइड बॉडीत खडखडते का, हे बोटाने हलवून कळते. अमाल कॉन्सेंट्रिकची बॉडी आणि स्लाइड दोन्ही जस्ताच्या मिश्रधातूची असल्याने ती एकमेकांना खातात; गाडी आयडलवर कधी चढते, कधी बंद पडते, आणि क्वचित थ्रॉटल उघडा अडकतो. यावर बॉडी बोअर करून आत पितळेची बाही बसवतात किंवा कडक अ‍ॅनोडाइझ केलेली अ‍ॅल्युमिनियमची स्लाइड घेतात. बर्लन आता तशीच देते. नीडल जेटची झीज मात्र फसवी. सुई वर-खाली होताना त्याच्या भोकाला एका बाजूने घासते आणि ते लंबगोल होते. हे डोळ्याला दिसत नाही. गाडी अर्ध्या थ्रॉटलवर भडभडते, प्लग काळा पडतो, आणि मालक बिचारा मेन जेट लहान करत राहतो. सुई आणि नीडल जेट जोडीने नवे टाकले की प्रश्न मिटतो. जुन्या कार्ब्युरेटरला पैसे घालायचे तर आधी इथे घालावेत.

पितळी फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल खळखळते का ते ऐकतात. गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे येतात. आतले पेट्रोल पूर्ण काढून मगच डाग द्यावा, आणि डागाचे कथील जितके कमी तितके बरे. फ्लोट जड झाला की वाटीतली पातळी वाढते. फ्लोट-सुईच्या रबरी टोकावर कडे उमटले असेल तर ती बदलतात. सुई नवी टाकूनही ओव्हरफ्लो थांबला नाही तर बसण्याची जागा कापसाच्या काडीने आणि पॉलिशने घासून पाहतात. पातळी मोजताना कार्ब्युरेटर इतकाच तिरका धरतात की फ्लोटची जिभळी सुईला फक्त टेकेल. सुईच्या आतली स्प्रिंग दाबली गेली तर माप चुकते.

फ्लँजच्या बोल्टवर जोर देऊन अनेकांनी कार्ब्युरेटर वाकवलेला असतो. काचेवर उभा धरला की मधली फट दिसते, आणि इथून आत शिरणारी हवा टू-स्ट्रोक इंजिनाला जीवघेणी असते. मिश्रणात पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते, पिस्टन तापून जाम होतो. हीच हवा चिरलेल्या रबरी मानेतून किंवा क्रँकच्या झिजलेल्या सीलमधूनही येते. मान काढून, वाकवून पाहिल्याशिवाय तिच्या चिरा दिसत नाहीत. रीड, म्हणजे मिश्रण एकाच दिशेने आत सोडणारी पाकळ्यांची झडप, असलेल्या इंजिनात पाकळ्या उजेडासमोर धरून फट किंवा तुटलेला कोपरा बघतात. यामाहाने १९७२च्या सुमारास आणलेल्या रीडच्या पाकळ्या पोलादी असत. मोडलेला तुकडा इंजिनात गेला तर सिलिंडर खराब करतो, म्हणून आता फायबरच्या पाकळ्या घालतात.

पक्की खात्री करायची तर इंजिनाची दाबचाचणी घ्यावी. सायलेन्सर काढून सिलिंडरचे एक्झॉस्टचे तोंड आणि कार्ब्युरेटरची जागा बुचाने बंद करून सायकलच्या पंपाने साधारण ६ पीएसआय दाब भरायचा. सहा मिनिटे तो टिकला तर इंजिन बंदिस्त आहे. मिनिटाला १ पीएसआयहून जास्त उतरला तर साबणाचे पाणी लावून गळती शोधायची. ही चाचणी कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी करणे शहाणपणाचे, कारण कार्ब्युरेटरच्या माथी मारलेले निम्मे दोष सीलचे असतात. एअर फिल्टरचा जुना फोमही याच रांगेतला. वर्षानुवर्षांनी तो भुगा होतो आणि पहिल्या किकला कार्ब्युरेटरमध्ये खेचला जातो.

हे सगळे झाल्यावर जेटिंग. बंद थ्रॉटलपासून आठव्या हिश्शापर्यंत पायलट जेट, तिथून पाव-अर्ध्यापर्यंत स्लाइडचा तासलेला कोपरा, मध्ये सुई आणि शेवटी मेन जेट राज्य करतो. त्यांच्या हद्दी एकमेकांत शिरलेल्या असतात. कारखान्याने दिलेल्या आकड्यांपासून, किंवा त्याहून थोड्या मोठ्या मेन जेटपासून सुरुवात करतात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतात. कंपनी बदलली की आकड्यांचा अर्थ बदलतो. अमालचा आकडा मिनिटाला किती घनसेंटिमीटर पेट्रोल जाते ते सांगतो, मिकुनीच्या षट्कोनी जेटचाही तसाच. केहिन, बिंग आणि डेलॉर्टो भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात देतात. बिंग काढून मिकुनी बसवताना जुना आकडा तसाच उचलणे म्हणजे पिस्टनशी जुगार. असा बदल १९७०च्या दशकातही शर्यतवाले सर्रास करत. शर्यतीच्या गाडीला तो करावा. संग्रहातल्या गाडीचा मूळ कार्ब्युरेटर मात्र डब्यात नीट जपून ठेवावा.

इथेनॉलने जुन्या आकड्यांचाही हिशेब बदलला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले. भारतात २० टक्क्यांचे पेट्रोल २०२३मध्ये सुरू झाले आणि २०२५पर्यंत सर्वत्र पोचले. महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांचा त्यात मोठा वाटा आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेत ८-९ टक्के जास्त इंधन सोडावे लागते आणि १९७३चा मेन जेट कमी पडतो. इथेनॉल जुने नायट्राइल रबर फुगवते, बुचावर दिलेला लाखेचा लेप विरघळवते, आणि हवेतली आर्द्रता शोषून घेते. पाणी फार झाले की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. कोकणासारख्या दमट हवेत बंद पडून असलेल्या गाडीत हे लवकर घडते. जस्त आणि अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर कारण बहुधा हेच. म्हणून नवी रबरे व्हायटन जातीची घेतात, आणि नळी इथेनॉलसाठी प्रमाणित केलेली.

गाडी काही आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात आणि वाटीच्या तळाचा स्क्रू उघडून उरलेले थेंब काढतात. तेल मिसळलेले पेट्रोल टाकीत ठेवू नये, कारण हलके घटक उडून गेल्यावर तेलाचे प्रमाण वाढते. पत्र्याची टाकी इथेनॉलविरहित पेट्रोलने काठोकाठ भरावी. ते मिळत नसेल तर पूर्ण रिकामी करून, वाळवून, आत टू-स्ट्रोक तेल फिरवून ठेवावी. फायबरग्लासची टाकी कायम कोरडी ठेवावी, आणि झाकण सैल.